आझाद मैदानातल्या मांडवात नुसतं बघायला गेलं तर चालतं का?

विंडोसीट
नमस्कार मंडळी.

माझं ऑफिस धोबीतलावला. सीएसएमटीला उतरायचं, सबवेतून महापालिकेसमोर वर यायचं आणि आझाद मैदानाच्या कडेकडेने चालत जायचं, हा वर्षानुवर्षांचा रस्ता. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की मैदानाच्या एका कोपऱ्यात आंदोलकांचे मांडव उभे राहतात, फलक लागतात, स्पीकरवरून घोषणा ऐकू येतात. सध्या पुन्हा तेच चालू आहे. इतक्या वर्षांत मी कधी आत पाऊल टाकलेलं नाही.

आता जावंसं वाटतंय. कुठल्याच मागणीशी माझा संबंध नाही, कुठल्या पक्षाचाही मी नाही. निव्वळ कुतूहल. ही माणसं येतात कुठून, रात्री झोपतात कुठे, दिवसभर करतात काय, त्यांना भेटायला कोणी येतं का? बायकोचं म्हणणं, हे म्हणजे बिनबोलावता लग्नाच्या मांडवात शिरून पंगत बघत उभं राहण्यासारखं आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, आधार कार्ड मागतात, उगाच नाव कुठेतरी चढायचं.

कोणी गेलंय का असं? पोलीस अडवतात का? "तुमचा काय संबंध?" असं विचारलं तर काय सांगायचं? आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसतं का?

पावशेर_चिवडा
जागा पकडून बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

तिसरी_घंटा
जा, बिनधास्त जा. आधार-बिधार कोणी मागत नाही. पोलीस असतात, फार तर पिशवी उघडून बघतील.

बरीच वर्षं बातमीदारी केली, त्यामुळे हे मैदान पाठ आहे. गंमत अशी की मराठी पत्रकार संघ आणि प्रेस क्लब, दोन्ही मैदानाला अगदी लागून. तरी मांडवात कॅमेरे कधी येणार? एखादा नेता भेट देणार असेल तर, नाहीतर उपोषणाला बसलेल्या कोणाला तरी सलाईन लागली तर. बाकी दिवस मांडवातले लोक एकमेकांनाच भाषणं ऐकवतात.

हा कोपरा आंदोलनांच्या वाट्याला कसा आला तेही सांगतो. पूर्वी मोर्चे काळ्या घोड्यापर्यंत यायचे. नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातले रहिवासी हायकोर्टात गेले आणि १९९७ पासून दक्षिण मुंबईत आंदोलन म्हणजे आझाद मैदानाचा राखीव भाग, असं ठरून गेलं. म्हणजे ज्याला ऐकवायचं तो मंत्रालयात आणि सांगणारा तिथून लांब, कुंपणाच्या आत. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही काही दिसत नाही. अशा ठिकाणी एखादा माणूस आपणहून आत आला की लोक खूश होतात. इतके खूश होतात की निघणं कठीण.

विंडोसीट
तिसरी_घंटा, निघणं कठीण म्हणजे?

चिमणराव_बीई
मी सांगतो. असाच एकदा आत डोकावलो. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. एकाने खुर्ची दिली, दुसऱ्याने पाणी. मला वाटलं, काय पाहुणचार आहे! तेवढ्यात माईकवरून घोषणा झाली, "मुंबईहून साहेब आपल्याला पाठिंबा द्यायला आलेले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती करतो." गळ्यात हार. मांडवात टाळ्या. मागण्या काय आहेत हेच माहीत नव्हतं. पाठीमागच्या फलकावरची पहिली ओळ वाचून दाखवली, "ही मागणी रास्त आहे" म्हटलं आणि खाली बसलो. माझं भाषण त्या दिवशीचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात लोकप्रिय ठरलं.

तिथे एक नोंदवहीही असते. नाव, गाव, संघटना, मोबाईल नंबर, सही. मी नंबर लिहिला. तेव्हापासून त्यांच्या जिल्हा शाखेच्या व्हॉट्सॲप गटात आहे. रोज सकाळी सुविचार येतो. गट सोडायचा धीर होत नाही, आता त्यांच्या पोरांच्या लग्नपत्रिकाही येतात.

पावशेर_चिवडा
चिमणराव =)) =)) संघटनेच्या रकान्यात काय लिहिलंत?

चिमणराव_बीई
सोसायटीचं नाव.

कडूलिंब
सगळे हसताहेत म्हणून मीच वाईटपणा घेतो. लोक घरदार सोडून चिखलात बसलेत आणि आपण काय, तर "कुतूहल" म्हणून बघायला जायचं? धारावीत परदेशी लोक पैसे भरून फिरायला येतात तेव्हा आपल्याला राग येतो ना? हा त्याचाच स्वस्तातला प्रकार. पाठिंबा असेल तर जा आणि बसा. विरोध असेल तर घरी बसा. मधल्या मधे फेरफटका मारून, फोटो काढून, मग असे धागे काढणं हे दुःखाचं पर्यटन आहे.

आणि आंदोलनांबद्दल एवढं गहिवरून येण्याआधी बाहेर अडकलेल्यांचाही विचार करा. मागे एका मोठ्या आंदोलनाच्या दिवशी वडिलांना तपासणीला न्यायचं होतं. टॅक्सीवाल्याने मध्येच उतरवलं. ऐंशीच्या घरातला माणूस उन्हात चालत गेला. त्यांचं दुःख बघायला कोणी आलं नाही.

कोपरकर_वहिनी
कडूलिंब, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण "पाठिंबा तरी द्या नाहीतर घरी बसा" हे काही पटलं नाही. मत बनवायला आधी बघावं लागतंच की.

खडू_मास्तर
मी त्या मांडवात बसणाऱ्यांपैकी. अंशतः अनुदानित शाळेत गणित शिकवतो. गाव सांगत नाही.

आमचा प्रश्न इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल, म्हणून थोडक्यात. आमच्या शाळांना परवानगी मिळाली ती "कायम विनाअनुदानित" म्हणून. त्यातला "कायम" २००९ मध्ये काढला. मग २० टक्के अनुदान सुरू झालं, तेही २०१६ पासून. पुढचे टप्पे मागता मागता माणसं निवृत्तीला आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या टप्प्याचा निर्णय झाला, पण निधीची तरतूद नव्हती. म्हणून जुलै २०२५ मध्ये राज्यभरातले शिक्षक भर पावसात इथे आले.

तर बघायला येणाऱ्यांविषयी. कोणी आलं की आम्हाला राग येतो का? नाही येत. कंटाळा हा मांडवातला खरा शत्रू आहे. सकाळी जोश असतो, घोषणा असतात. दुपारी दोननंतर कोणी बोलत नाही. ताडपत्रीवर पाणी साचतं, ते काठीने खालून ढकलायचं, ते दुसऱ्याच्या पायावर पडतं, त्यावरून वाद. पलीकडे पोरं क्रिकेट खेळत असतात. उघडीप मिळाली की चेंडू गडगडत आमच्या सतरंजीवर यायचा. पोरगं लांबूनच ओरडणार, "काका, बॉल!" आमच्यातला पीटीचा शिक्षक तो चेंडू साध्यासुध्या पद्धतीने कधी परत करायचा नाही. पुढे जाऊन स्पिन टाकूनच द्यायचा. तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी याच मैदानावरची, १९८८ ची, हे त्याने आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी त्याला माईकबंदी केली.

एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे. स्वतःची वाचून झालेली वर्तमानपत्रं आमच्या मांडवात ठेवायचे, पाच मिनिटं बसायचे, "शब्दकोडं मात्र मी सोडवलंय हं" म्हणायचे आणि लोकल पकडायला जायचे. मागण्यांबद्दल अवाक्षर नाही. ते एक दिवस आले नाहीत तर आम्ही अस्वस्थ.

त्रास कोणाचा होतो सांगू? येऊन सल्ला देणाऱ्याचा. "सर, तुम्ही खासगी शिकवण्या का घेत नाही?" असं आम्हाला बसल्या जागी ऐकवून जाणारे पुष्कळ.

रच्याकने_राधा
मास्तर, शब्दकोड्यावर जीव ओवाळून टाकला.

सड्यावरचो
मी राजापूरचा. कडूलिंब म्हणतात ते पर्यटन आम्ही बघितलंय. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आसपासच्या गावांतल्या बायका गाड्यांच्या वाटेत आडव्या झाल्या होत्या. कोकणातलं एप्रिलचं ऊन, खाली तापलेला कातळ. त्याच्या बातम्या देशभर गेल्या. त्यानंतर मोबाईल घेऊन येणाऱ्यांचा जो ओघ सुरू झाला म्हणता! एक जण आमच्या काकीला म्हणाला, "मावशी, तशाच परत एकदा आडव्या व्हाल का, लाईट चांगला आहे." काकीने त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिलं तर व्यवस्थापक खातं बंद करतील.

पण त्याच दिवसांत कातळशिल्पं बघायला म्हणून आलेला एक पोरगा तिथे रमला. पाण्याचे कॅन उचलून द्यायचा. त्याला कोणी काय म्हणालं नाही, उलट काकीने घावणे घातले. माणूस बघायला आला की दाखवायला आला, एवढं कळतं आमच्या लोकांना.

कडूलिंब
सड्यावरचो, नेमका हाच माझा मुद्दा. नव्वद टक्के पहिल्या जातीचे असतात.

पावशेर_चिवडा
नव्वद टक्क्यांचा विदा (डेटा) द्या.

झिरो_माईल
राजेहो, तुम्ही मुंबईवाले लई विचार करता बाप्पा. आमच्या नागपुरात डिसेंबरात अधिवेशन आलं का संत्र्यायसंगं मोर्चेबी येतात. यशवंत स्टेडियमच्या बाजूला धरण्याचे मांडव, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवलेले मोर्चे. आमचे बाबा लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून आम्हाले मोर्चे पाहाले नेत. कोणाच्या डोक्यावर टोप्या, कोणी गुरं घेऊन, कोणी ढोल वाजवत. निम्मं सामान्य ज्ञान मी तिथंच शिकलो. होमगार्ड, कोतवाल, अर्धवेळ परिचर अशी पदं सरकारात असतात आन् त्यायले इतका कमी पगार असते, हे पुस्तकात कुठं होतं?

पण एक गोष्ट गंमतीत नाही सांगत. २३ नोव्हेंबर १९९४ ले गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीत घ्या म्हणून. चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. बाया आन् लेकरंच जास्त. झिरो माईलजवळ त्यायचं स्मारक आहे, सीताबर्डीचा उड्डाणपूलबी त्यायच्याच नावानं. तवापासून आमच्या घरी नियम हाय. मोर्चा पाहाले जा, पण बाहेर पडाचा रस्ता आधी पाहून ठेवा. विंडोसीट, तुमीबी ठेवजा.

खाकी_घरची
मिस्टर पोलिसात आहेत, बंदोबस्तात मैदानावर बऱ्याचदा असतात. त्यांना धागा वाचून दाखवला. त्यांचे निरोप:

दुपारी चारच्या सुमारास जा. शिष्टमंडळ मंत्रालयातून परत येण्याची वाट बघत लोक मोकळे असतात, गप्पा मारतात. परवानगी साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी असते, त्यामुळे सहानंतर आवराआवर, तेव्हा मधे मधे करू नका. नेता आला की लांब उभे राहा, तिथे धक्काबुक्की हमखास. वहीत लिहून घेत उभे राहिलात तर लोक तुम्हाला साध्या वेशातला पोलीस समजतील. "आणि साध्या वेशातले आमचे लोक तुम्हाला पत्रकार समजतील," हे त्यांचं वाक्य जसंच्या तसं.

झोपण्याबद्दल विचारलं होतंत. बरेच जण सीएसएमटीच्या फलाटावर किंवा बाहेरच्या मोकळ्या जागेत पथारी टाकतात. ज्यांच्या आमदाराशी ओळख ते आकाशवाणी आमदार निवासात. तिथे एका खोलीत किती माणसं मावतात याचा विक्रम कोणी नोंदवत नाही म्हणून बरं.

कोपरकर_वहिनी
रिकाम्या हाताने जाण्याबद्दल. माझी आत्या अंगणवाडी सेविका. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप होता, पन्नासहून जास्त दिवस चालला. तेव्हा सेविकेला मानधन १०,००० आणि मदतनिसाला ५,५००. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी तो हातात पडावा म्हणून पुन्हा रस्त्यावर. आत्या इथे आली होती तेव्हा मी आणि जाऊ भेटायला गेलो. आम्ही आपल्या हौसेने लाडू नेले.

आत्याने लाडू वाटले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, इथून स्वच्छ संडास कुठे आहे तेवढं बघून ये. बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं म्हटलं की लांब, रांगेत, सुटे पैसे हातात घेऊन. साठीच्या बायका होत्या त्यात, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या. आम्ही दोघी मग दिवसभर तेच केलं. पाच-पाच जणींचा गट करून स्टेशनपर्यंत नेऊन आणायचा. तेव्हा विंडोसीट, लाडू-केळी नका नेऊ, ते कोणी ना कोणी आणतंच. सुटे पैसे न्या, ओआरएसची पाकिटं न्या, फोन चार्ज करायला पॉवर बँक न्या. आणि बायकांच्या मांडवात जाणार असाल तर बायकोला बरोबर न्या.

रच्याकने_राधा
पॉवर बँक +१. ताईंचा फोन बंद पडला की घरी सासूबाई बेचैन.

गुरगावकर
२०२०-२१ च्या हिवाळ्यात आम्ही काही मराठी कुटुंबं रविवारी सिंघू बॉर्डरला गेलो होतो. सरळ सांगतो, सहल म्हणूनच गेलो होतो. २६ नोव्हेंबर २०२० ला शेतकरी दिल्लीकडे निघाले, सीमेवर अडवले गेले आणि तिथेच राहिले. ट्रॉल्यांची नुसती रांग, आत गवत, वर गाद्या, ताडपत्रीचं छप्पर. कपडे धुवायची मशीनं, दवाखाने, वाचनालय. "ट्रॉली टाइम्स" नावाचं त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्रही होतं.

तिथे प्रेक्षक म्हणून उभं राहताच येत नव्हतं. लंगरपाशी जरा रेंगाळलो तर एका बाबाजींनी मटारचा ढीग पुढे सरकवला. सोला. आमच्या सौ. आणि मी तासभर मटार सोलले. पोरांना पंगतीत पोळ्या वाढायला लावलं. ज्यांच्या विरोधात ते बसले होते त्या तीन कृषी कायद्यांवर माझं मत काय, हे कोणीही विचारलं नाही. मी काही गोष्टींवर त्यांच्याशी सहमत नव्हतो, ते बोललो, समोरच्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पहले चाय तो पी लो जी." डिसेंबरच्या शेवटी नाशिकहून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा जथाही गाड्यांनी आला, तो राजस्थानच्या हद्दीवर शाहजहाँपूरला थांबला. तिथेही गेलो. पिठलं-भाकरी मिळेल या आशेने गेलो आणि डाळ-बाटी खाऊन आलो.

एडिसनची_मावशी
माझा अनुभव फार लांबचा. २०११ मध्ये न्यूयॉर्कला नोकरी वॉल स्ट्रीटजवळ. झुकॉटी पार्कात बड्या बँकांच्या विरोधातले "ऑक्युपाय"वाले आंदोलक बसले होते, १७ सप्टेंबरपासून. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच जायला लागले. ती बाग खासगी मालकीची, पण लोकांसाठी चोवीस तास खुली ठेवायची अशी अट असलेली. त्यामुळे इतर बागांसारखी रात्री बंद करता येईना. लाऊडस्पीकरला परवानगी नव्हती. मग एकाने वाक्य बोलायचं आणि सभोवतालच्यांनी तेच मोठ्याने म्हणायचं, म्हणजे मागच्यांना ऐकू जातं. आमच्याकडे शाळेत बाई पाढे म्हणवून घ्यायच्या, मी लगेच सुरात सूर मिसळला. चार वाक्यं म्हटल्यावर लक्षात आलं, मी माझ्याच बँकेविरुद्ध ओरडतेय.

१५ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात पोलिसांनी सगळं उठवलं. दुसऱ्या दिवशी डबा खायला पुन्हा ऑफिसातल्या जागेवर.

कडूलिंब
वाचतोय सगळं. पण ही सगळी सुखद उदाहरणं. मटार सोलले, घावणे खाल्ले. बाहेरच्या जनतेला वेठीस धरण्याबद्दल कोणी बोलेना.

लालबागचा_जावई
कडूलिंब, एक उदाहरण देतो, बघा पटतंय का. मार्च २०१८, नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च. ६ तारखेला निघाले, १८० किलोमीटरच्या आसपास चालून ११ ला सायनजवळच्या सोमय्या मैदानात. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. सकाळी निघाले असते तर पोरांचे हाल झाले असते, म्हणून रात्रीच निघाले.

मी तेव्हा सासुरवाडीला होतो. मध्यरात्र उलटल्यावर खालून पावलांचा आवाज आला. घोषणा नाहीत, काही नाही. लाल टोप्या आणि पावलं. चाळीतले सगळे खाली आलो. सासूबाईंनी बिस्किटांचे पुडे, शेजाऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या. बऱ्याच जणांच्या पायात धड चपला नव्हत्या, एका आजीच्या तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. सासूबाई म्हणाल्या, बस जरा, तेल-हळद लावते. आजी म्हणाल्या, बसले तर परत उठवणार नाही. आणि चालू लागल्या. वनहक्क कायदा २००६ चा. त्यातले जमिनीचे दावे मंजूर व्हावेत म्हणून ही माणसं बारा वर्षांनी चालत आली होती. लेखी आश्वासन मिळालं, परतीला रेल्वेने खास गाड्या सोडल्या.

कडूलिंब
लाँग मार्चबद्दल आदरच आहे. पण सगळे तसे वागत नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल.

बोरीबंदर_बॉय
खरं आहे, सगळं एकसारखं नसतं. २९ ऑगस्ट २०२५ ला मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं तेव्हा परवानगी पाच हजार माणसांची होती आणि आले त्याच्या कितीतरी पट. स्टेशन, रस्ते सगळं भरलं. माझं ऑफिस समोरच, तेव्हा त्रास काय झाला ते मला विचारा. आणि रात्री उशिरा घरी जाताना फलाटावर फडकं सोडून भाकरी-ठेचा खाणाऱ्या पोरांनी हाक मारून मला जेवायला बसवलं, तेही मला विचारा. गावाकडून टेम्पो भरभरून भाकरी येत होत्या. २ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला, उपोषण सुटलं. आता त्या निर्णयाचं

व्यवस्थापक
बोरीबंदर_बॉय, प्रतिसादाचा पुढचा भाग अप्रकाशित केला आहे. आरक्षणावर वेगळा धागा आहे, तो एकदा बंद करून पुन्हा उघडलेला आहे. इथे मूळ विषयावर बोलावे.

पावशेर_चिवडा
मूळ विषय: चहा कुठला चांगला?

बोरीबंदर_बॉय
खाऊगल्लीतला. यावर तरी कात्री लावू नका.

रिकामटेकडी
निवृत्त झाल्यापासून मी अधूनमधून मैदानात जाते. एक सांगते. सगळे जण मोठ्या मांडवात जातात. तिथे तुमची कोणाला गरज नसते. कडेला बघा, कुंपणाच्या बाजूला. तिथे एकटी माणसं बसलेली असतात. एकच माणूस, एक फलक, प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. कोणाची बदली, कोणाची अनुकंपाची नोकरी, कोणाची धरणात गेलेली जमीन. त्यांना संघटना नाही, माईक नाही, शिष्टमंडळ नाही.

त्यांच्याजवळ बसायचं असेल तर वेळ काढून बसा. कारण ते पहिल्या कागदापासून सुरुवात करतात. मधेच उठलात तर फार वाईट दिसतं. आणि आधीच स्पष्ट सांगा, "मी कोणी नाही, माझी ओळख नाही, मी फक्त ऐकू शकते." हे दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसत नाही.

विंडोसीट
मंडळी, जाऊन आलो. बायकोही आली.

पोलिसांनी छत्री कसली आहे ते बघितलं, बास. मोठ्या मांडवात चिमणरावांची आठवण ठेवून शेवटच्या रांगेत बसलो. नोंदवही आलीच. नाव लिहिलं, नंबराच्या जागी रेघ मारली. कोपरकर वहिनींच्या सांगण्यावरून दोन पॉवर बँका नेल्या होत्या, त्या दहा मिनिटांत कुठे गेल्या कळलं नाही. निघताना एका मुलीने धावत येऊन दोन्ही परत दिल्या, वायरी गुंडाळून.

नंतर रिकामटेकडींनी सांगितलेल्या कडेला गेलो. विदर्भातले एक काका. छत्रीखाली बसलेले. मी कोणी नाही असं दोनदा सांगितलं. त्यांनी पिशवी उघडली. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये, कोपऱ्यात पेनाने क्रमांक. आजोबा गेल्यावर शेतावर वारसांची नोंद झाली, त्यात तीन भावांपैकी यांच्या वडिलांचं नावच नाही. वडील तेव्हा कामाला बाहेरगावी. आता वडीलही नाहीत. अर्ज, स्मरणपत्रं, पोचपावत्या, सगळं आहे. कुठल्या तरी कार्यालयात कोणीतरी "हे वरून व्हायला पाहिजे" म्हणालं, म्हणून ते आले थेट मुंबईला. बायकोने सगळे कागद तारखेप्रमाणे वाचले. ती बँकेत आहे, तिला हे जमतं. मला निम्मं कळलं नाही.

"आता काय करायचं?" असं त्यांनी विचारलं. आम्ही काही बोललो नाही. चहा आणला, तिघांनी घेतला. फोटो एकही काढला नाही, कडूलिंब.

खडू_मास्तर
विंडोसीट, छान केलंत. पुढच्या आठवड्यात आमचीही तारीख आहे. वर्तमानपत्र आणा, कोडं न सोडवलेलं.

कडूलिंब
माझं मत आहे तिथेच आहे. पण ते कागदांचं पुन्हा सांगा. वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, कोणत्या साली मंजूर झाला? मी महसूल खात्यात नोकरी केली आहे. फेरफार मंजूर झालेला असेल तर त्यावर अपील प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २४७. मंत्रालयात बसून जन्म गेला तरी तो कागद तिथून हलणार नाही. मुदत साठ दिवसांची, ती केव्हाच गेली असेल, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, कलम २५१. वडील बाहेरगावी होते, नोटीस मिळाली नाही, हे कारण त्यात लिहायचं. "वरून" कोणी सांगितलं त्यांना हे?

विंडोसीट
कडूलिंब, थांबा, बायकोला विचारतो. साल तिने वाचलं होतं.

विंडोसीट
१९९८. आणि नोटिशीवर वडिलांची सही नाही, अंगठा आहे. काका म्हणत होते, वडील सही करायचे.

कडूलिंब
मग तर झालंच. फेरफाराची आणि त्या नोटिशीची नक्कल तहसील कार्यालयातून काढायला सांगा. प्रमाणित हवी, झेरॉक्स चालणार नाही. वडिलांची सही असलेला जुना कोणताही कागद शोधायला सांगा. सोसायटीच्या कर्जाचा, पोस्टाच्या पासबुकाचा, काहीही. काका उद्या तिथे आहेत का?

विंडोसीट
शुक्रवारपर्यंत आहेत म्हणाले. नंबर बायकोकडे आहे.

कडूलिंब
नंबर इथे जाहीर टाकू नका. मला व्यक्तिगत निरोप करा. दुपारी एकनंतर फोन करीन, आधी वडिलांचं फिजिओ असतं.